खेळाचा प्रकार: हुतूतू

पकडबाईनं तुमचा हात हातात घेतला की तो परत मिळायला वेळ लागायचा. बाजारात भेटली तरी मनगट धरूनच बोलायची, आणि समोरचा घाईत असला तर आणखी घट्ट. "सुटून दाखव ना!" म्हणायची आणि खदाखदा हसायची. आम्ही एकाच संघातल्या. ती डाव्या कोपऱ्यात, मी बहुतेक वेळा बाहेर बसलेली. तिनं धरलेला घोटा सुटलेला मी एकदाच पाहिला. त्या पोरीनं पायाला खोबरेल तेल चोपडलं होतं, हे मागाहून कळलं.

नाव तिचं जैवंता. पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला लागून गाव. राज्याच्या सामन्यात तिचा उजवा गुडघा फिरला. हळद लावून, फडकं आवळून ती पुढचा सामनाही खेळली. कारण तिच्या जागी मी उतरणार होते आणि तिचा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. "तू उतरली असती तं आपन जेवाच्या आंधीच घरी आलो असतो," हे तिनं मला जन्मभर चारचौघांत ऐकवलं. तोच गुडघा घेऊन ती मोह वेचायला गेली, तेंदूपत्त्याला गेली. साठी उलटली तसा तो वाकेना, आणि वाकला तर सरळ होईना. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, चालाल. उशीर केला तर उपयोग नाही.

अशात कळलं, जुन्या खेळाडूंच्या उपचाराला सरकार मदत करतं. अर्ज मी भरला. शाळा माझी चौथीपर्यंतच, पुढचं वाचन शिलाईच्या दुकानात आलेल्या रद्दीवर झालं. पण माझ्या अक्षराला मान आहे. अर्जात रकाना होता, 'खेळाचा प्रकार'. मी विचारलं, "काय लिहू?"

"काय लिवू म्हंजे? हुतूतू!"

आमच्याकडे त्या खेळाला दुसरं नाव कोणी घेतच नव्हतं. मी झोकात लिहिलं, हुतूतू. सोबत जोडलेल्या राज्याच्या सामन्याच्या प्रमाणपत्रावर छापलेलं होतं, कबड्डी. ते मी पाहिलंच नाही.

कितीतरी महिन्यांनी अर्ज परत आला. शेरा होता: 'अर्जातील खेळ व प्रमाणपत्रातील खेळ भिन्न.' मला रडू फुटलं. तीच मला म्हणाली, "काऊन रडून राह्यली वो? मैदानातबी तुले रेष दिसत नव्हती."

दुसऱ्या वर्षी नीट कबड्डी लिहिलं. तर विचारणा आली, मागच्या वर्षी खेळ वेगळा का दाखवला? आम्ही दोघी बस धरून कार्यालयात गेलो. कारकून म्हणाला, "आजी, एक काय ते नक्की सांगा. दोन खेळ चालत नाहीत."

पकडबाई पुढं झाली. काठी भिंतीला टेकवली, फरशीवर बसली आणि टेबलाखालून त्याचा घोटा धरला. तो आधी हसला. मग पाय ओढून पाहिला. मग खुर्चीच सरकली.

"आता सांग," ती म्हणाली, "हे पकड कबड्डीची हाय का हुतूतूची?"

सगळं कार्यालय हसलं. कोणी मोबाईलवर चित्रण केलं, कोणी चहा मागवला. साहेबही बाहेर आले. म्हणाले, "बाई, मला पटलं. पण मला पटून काय होतं? कागदाला पटायला पाहिजे." दोन्ही खेळ एकच, असं तेव्हा सामने भरवणाऱ्या जुन्या संघटनेचं पत्र आणा म्हणाले. ती संघटना कुठं होती आता! पकडबाईनं घोटा सोडला, पण तिला फरशीवरून उठता येईना. आम्ही चौघांनी तिला उचललं. हसणं तेवढ्यापुरतं थांबलं.

पत्राच्या मागे वर्ष गेलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि सांगितलं, आता ऑपरेशन करून फायदा नाही. तेव्हापासून ती अंगणापर्यंत बसून सरकते. मोहाच्या दिवसांत तिच्या वाटणीच्या झाडाखाली दुसऱ्या बायका टोपल्या घेऊन जातात. ती त्यांना हाका मारून विचारते, किती पडला?

यंदा त्याच कार्यालयातून सत्काराची पत्रिका आली. जाड, गुळगुळीत कागद. तिच्या नावाखाली छापलं होतं: 'ज्येष्ठ कबड्डीपटू'. मी वाचून दाखवलं. तिनं पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली.

"तूच जाय," म्हणाली. "सांग त्याइले, कबड्डीवाली कोनी दुसरी असंन. मी तं हुतूतू खेळत होती."

मी गेले. नाव दोनदा पुकारलं गेलं. मंचाच्या बाजूला तोच कारकून शाली मोजत उभा होता. त्याला मी तिचा निरोप जसाच्या तसा सांगितला. तो हसला नाही की ओशाळलाही नाही. म्हणाला, "अहो, मग ही शाल कोणाला दिली म्हणून दाखवू? असं करा, तुम्हीच घेऊन जा. इथं सही करा तेवढी."

त्यानं रजिस्टर पुढं केलं, पेन हातात दिलं. मी पेन तसंच रजिस्टरावर ठेवलं आणि बस गाठली.