फुगलेली शिडं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते थोरल्या बहिणीचे. तिने सातवीत शाळा सोडून शेतावर जायला सुरुवात केली, म्हणून मी पदवीपर्यंत पोचलो. ती आजही पिशोरला असते. मी फर्दापूरला राहून इटालियन पर्यटकांना अजिंठ्याची लेणी दाखवतो.

फोनवर ती विचारते, "कसं चाललंय?" काम चांगलं असलं तरी मी म्हणतो, "चाललंय आपलं." आमच्याकडे सुख बोलून दाखवलं की दृष्ट लागते, म्हणून सगळेच असं बोलतात.

परवा मात्र ती वैतागली. "आपलं आपलं काय लावलंय? माझी शाळा वाया गेली का, तेवढं सांग."

फोनवर मला सांगता येईना. मग पत्र पाठवलं:

"अक्का, काम झकास चाललं की इटालियन लोक म्हणतात, 'आ गोन्फिए वेले'. म्हणजे फुगलेल्या शिडांनी. तू समुद्र पाहिला नाहीस, पण खळ्यावरची ताडपत्री वाऱ्यानं कशी फुगते ते तुला ठाऊक आहे. माझं तसं चाललंय. परक्या भाषेत सांगितलंय, दृष्ट लागायची नाय. तुझी शाळा वाया गेली नाय."