दंडवतकाकांचा नकार

लसीचं खोकं उघडण्याआधी काका त्यावरच्या मुंग्या कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडत. अकोटकडच्या आमच्या गुरांच्या दवाखान्यात ते परिचर होते आणि मी नवा डॉक्टर. ते महानुभाव पंथाचे, जीवहत्या वर्ज्य मानणारे. भेटेल त्याला 'दंडवत प्रणाम' म्हणत, म्हणून सारे त्यांना दंडवतकाकाच म्हणायचे. इतका सज्जन माणूस सरकारी नोकरीत दिसला की मला आधी संशय येतो.

एकदा मी मुद्दाम डिवचलं, "काका, मुंगीची एवढी दया, मग खच्चीकरण करताना गोऱ्ह्याचे पाय कसे धरता?"

"तो जित्ता राह्यते ना, साहेब!"

उत्तर तयारच होतं. तयार उत्तरांचाही मला संशय येतो.

मग एका गावात कोंबड्यांवर रोग आला आणि साऱ्या मारून पुरायचा हुकूम निघाला. काकांनी खड्डा खणला, चुना आणला, पण कोंबडीला हात लावेनात. मी म्हटलं, "हा कायदा आहे, काका. रोग माणसांत गेला तर?"

"कायदा खोटा हाय असं मी म्हनतच नाई. पन माह्या हातानं जीव नाई जानार. काय सजा असन थे द्या."

म्हणजे मारायचं आम्ही आणि पुण्य यांच्या पदरात! मला वाटलं, हे सोंग आहे. कुणा नातेवाइकाचा कोंबड्यांचा धंदा असेल, नाहीतर शुद्ध कामचुकारपणा.

दुपारी एका म्हातारीने देवीला बोललेला कोंबडा धान्याच्या कणगीत लपवला. काकांनी ते पाहिलं होतं. "सांगू नोको रे बाप्पा," ती त्यांना विनवत होती. मी दारात येऊन विचारलं, "इथे काही उरलं का?" काकांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाय. कनगीत कोंबडा हाय." मी तो मारला. म्हातारीने शिव्याशाप दिले ते काकांना.

"आता याचं पाप कुणाला?" मी विचारलं. मला थोडा आनंदच झाला होता.

"मले," ते म्हणाले. "मारायचं नाई अन् खोटंबी बोलायचं नाई. दोन्ही एका टायमाले कसं जमवाचं, मले समजत नाई, साहेब." त्यांचे डोळे भरले होते.

अहवाल मलाच लिहायचा होता. काकांची नोकरी जाण्याची वेळ, त्यांच्या घरी दोन मुली शिकत होत्या. मी म्हणालो, "तुम्हाला ताप होता असं लिहितो."

"ताप कुठी होता, साहेब?"

एवढा राग आला मला! मी लिहिलं, 'धर्माचे निमित्त करून काम टाळले.'

त्यावरून काकांची चौकशी लागली; तिच्या आधी मी खोदून खोदून माहिती काढली. कोंबड्यांचा धंदा कुणाचाच निघाला नाही. चांदूर बाजारकडच्या त्यांच्या गावी एवढंच कळलं, की सख्ख्या बहिणीच्या सासरी कंदुरीला, म्हणजे नवसाच्या जेवणाला, बकरा कापतात, म्हणून हा माणूस तिथे कधी जेवला नाही. बहिणीने बोलणं टाकलं, तरी नाही.

अमरावतीला चौकशी झाली. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, "निमित्त कशावरून?" तो एक शब्द मागे घेतला असता तर काका कदाचित वाचले असते. पण मग मी रागाने काहीबाही लिहितो, हे उघड झालं असतं.

"कामं टाळायची सवयच आहे त्यांची," मी म्हणालो.

काका समोरच बसले होते. "बाकीचं या डॉक्टरसाहेबाले माहीत. हुकूम मोडला, हे खरं हाय," एवढंच बोलले.

त्यांची नोकरी गेली. त्या खोलीत खोटं बोललो तो मी एकटा, आणि मी अजून नोकरीत आहे.