शिरीषाचा सूड

झाडं माणसाच्या प्रेमावर जगतात, असं कुणी म्हटलं की मीही पूर्वी गंभीर व्हायचो. आमच्या गल्लीतल्या बागेच्या दारातला म्हातारा शिरीष मात्र माझ्या रागावर जगला.

बागेतला बकुळ शेजारच्या कर्णिकसाहेबांनी अर्ज करकरून ‘धोकादायक’ ठरवला आणि पाडायला लावला. त्यांची गाडी शिरीषाच्या बुंध्याशी उभी असे आणि वर बगळे असत. पुढचा अर्ज कुणाविरुद्ध, हे उघड होतं.

पालिकेची मुलगी जुन्या झाडांचा नकाशा करायला आली, तेव्हा टेपचं टोक धरून मी खोडाभोवती फिरलो. वटपौर्णिमेला बायका फिरतात तसाच. नवस माझाही होता, फक्त तो कर्णिकांच्या नावाचा होता.

“काका, हा आता वारसा वृक्ष. फांदी तोडायलाही परवानगी लागेल,” ती म्हणाली.

कर्णिक गॅलरीतून ओरडले, “आणि माझ्या गाडीवर बगळे घाण करतात, त्याचं काय?”

“साहेब, वारसा असाच वरून खाली येतो,” मी म्हणालो.

त्या रात्री मला छान झोप लागली. प्रेम करणारे फुलोऱ्यात येतात, फोटो काढतात आणि जातात. सूड रोज सकाळी येऊन फांद्या पाहून जातो, उन्हाळ्यात बादलीभर पाणीही घालतो. झाडाला त्यातला फरक कळत नसावा.

पालिकेनं शिरीषाभोवती लोखंडी कुंपण घातलं आहे. कर्णिकसाहेब आता गाडी माझ्या फाटकासमोर लावतात.