मावशींच्या मालकांची कबर

माणसं दुसऱ्याच्या घराचा, गाडीचा, ग्रीन कार्डाचा हेवा करतात. मी करत होते एका कबरीचा. हसू नका, खरं सांगतेय.

सुलभामावशी पिस्कॅटवेला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर मुलाकडे राहतात. नगरच्या, माझ्यासारख्याच जन्माने ख्रिस्ती. त्यांचे मालक इथेच वारले, इथेच त्यांची माती झाली. आमच्यात अंत्यविधीला मातीच म्हणतात. रविवारची उपासना संपली की मावशी पदर सावरत म्हणायच्या, "चला, ह्यांना भेटून येते," आणि माझ्या पोटात दुखायला लागायचं.

माझा नवरा हिंदू घरातला. लग्नाआधी त्याने स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. आईच्या आजारपणात तो पुण्याला गेला आणि तिथेच हार्ट अटॅकने गेला. माझ्या व्हिसाचं स्टॅम्पिंग, म्हणजे परत येताना लागणारा पासपोर्टवरचा शिक्का, राहिलेलं. निघाले असते तर तिकडेच अडकले असते, आणि लेकीची शाळा इथे. दिरांनी त्यांच्या पद्धतीने सगळं केलं. त्यांना दोष देत नाही, तेही रडतच होते. अग्नी दिला, अस्थी नाशिकला गोदावरीत सोडल्या. मी व्हिडिओ कॉलवर बघितलं. तेव्हापासून मला एकच घोर लागला. शेवटच्या दिवशी कबरी उघडतील, मावशींचे मालक कपडे झटकत उठतील. आणि माझा माणूस? तो कुठून उठणार? पास्टरांना विचारलं तर म्हणायचे, "विश्वास ठेवा, ताई." अहो, पण कशावर ठेवू? माझ्या हाताशी साधी मूठभर मातीसुद्धा नव्हती.

गेल्या ईस्टरला मावशींचा गुडघा धरला. त्यांनी लिलीची कुंडी माझ्या हातात दिली. "एवढी ह्यांच्यापाशी ठेवून ये गं. सणाच्या दिवशी कुणीच गेलं नाही तर ह्यांना कसं वाटेल?" मी "हो मावशी" म्हटलं आणि गाडीत बसून स्टिअरिंगवर हात आपटला. माझ्या नवऱ्याला कोण लिली नेऊन देतंय?

तिथल्या कबरी म्हणजे गवतात बसवलेल्या सपाट पाट्या. मालकांची पाटी सापडली, कुंडी ठेवली, आणि काय झालं कोण जाणे, ओल्या गवतात बसून मी हमसाहमशी रडले. पलीकडे घडीच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. तिने विचारलं, "हजबंड?"

मी म्हटलं, "यस."

देवाशपथ, तोंडातून निघून गेलं. ईस्टरच्या सकाळी मी मावशींचा नवरा पळवला! आणि लाज वाटायच्या आधी मला बरं वाटलं. तेवढ्यापुरती का होईना, माझ्याही नवऱ्याला जागा होती.

म्हातारी खुर्ची ओढत जवळ आली. मूळची इजिप्तची, ख्रिस्तीच. त्यांच्या पंथाचं पंचांग वेगळं, त्यांचा ईस्टर अजून यायचा होता. म्हणाली, "तुझा नवरा भला माणूस आहे. मी नेहमी ह्याच्याजवळ बसते. माझ्या भावाला समुद्राने नेलं, तो मिळालाच नाही. मग कुणाजवळ तरी बसावं म्हणून."

आता कसलं खोटं बोलणार? सगळं ओकून टाकलं. हा माझा नव्हे, माझा नदीत आहे, तो उठणार कसा.

ती हसली नाही. तिच्या मोडक्या इंग्लिशमध्ये, थांबत थांबत तिने सांगितलं: रोमन राज्यात एका शहरात ख्रिस्ती लोकांना हाल हाल करून मारलं. मारणाऱ्यांना वाटलं, ही माणसं परत उठणार म्हणतात म्हणून मरणाला भीत नाहीत. तर मग उठायला काही शिल्लकच ठेवायचं नाही. प्रेतं जाळली आणि राख नदीत लोटून दिली.

"ते हुतात्मे उठणार नाहीत, असं तुला वाटतं?"

छे! त्यांच्याबद्दल मला कधी शंकासुद्धा आली नव्हती. लहानपणापासून त्यांच्या गोष्टी ऐकत आले होते.

"मग त्यांना नदी चालते, आणि तुझ्या नवऱ्याला चालत नाही?"

म्हणजे इतके दिवस मी त्या मारणाऱ्यांसारखाच विचार करत होते. राख वाहून गेली की देवाचे हात बांधले गेले, असं धरून बसले होते.

ती मला पुन्हा दिसली नाही. देवाने तिला माझ्यासाठी पाठवलं असा दावा मी करणार नाही. ती बिचारी भावासाठी आली होती. आभार मात्र मी देवाचेच मानले, आणि अजून मानते.

घरी येऊन मावशींना सगळं सांगितलं. "अगं बया, माझा नवरा!" म्हणत त्या गुडघा धरून हसल्या. मग माझा हात हातात घेतला. "ये, प्रार्थना करू." मला मोठं काही सुचेना. म्हटलं, "प्रभू, त्याचा पत्ता मला माहीत नाही, तुला आहे. जिथे असेल तिथून त्याला उचल. मी आता शोधत नाही."

मावशी आमेन म्हणतील म्हणून मी थांबले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"आणि प्रभू," त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांना तोवर जरा थांबव. दोघांना बरोबरच उठव."