आजोबांची पावलं, सुनेचे पाय

स्टुडिओत तिला सगळे पाऊलवाली म्हणायचे. पडद्यावर नट चालणार आणि त्याच्या पावलांचा आवाज हिने काढायचा, हे तिचं काम. माईकसमोर, पडद्याकडे बघत ही बाई दिवसभर चालायची आणि पोचायची मात्र कुठेच नाही. सासरे चिडवायचे, "सूनबाई, पाय आपटायचा पगार देतात तुला? घरी तर फुकटच आपटतेस!" ती हसून सोडून द्यायची. हसेल नाही तर काय करेल, म्हातारा एकदा सुरू झाला की थांबतोय कुठला!

या खेपेला सिनेमा नाताळचा होता. दुकानातली खेळणी जिवंत होतात, गातात, नाचतात, नुसता धुडगूस घालतात. पत्र्याचं अस्वल तिने डब्यांच्या झाकणांवर नाचवलं, बर्फ मक्याच्या पिठाच्या पिशवीवर तुडवला. सगळं झकास जमलं. घोडं अडलं ते नाताळबाबापाशी. गाणं ऐन रंगात असताना दिवे जातात, पडदा काळाकुट्ट होतो आणि फक्त त्याची पावलं ऐकू येतात.

"अंधारातही मुलांना कळलं पाहिजे की घरातलं मोठं माणूस आलं," दिग्दर्शक म्हणाला. "धाक हवा, पण मायाही हवी."

तिने जड बूट घातले. तो म्हणाला, हा पोलीस वाटतो. हळू चालली, तर म्हणे चोर. रमतगमत चालली, तर म्हणे आजारी! शेवटी तो वैतागलाच. "नाही जमलं तर तयार आवाज आणून चिकटवतो."

इतक्या वर्षांत तिच्या पावलांवर कुणी दुसरी पावलं चिकटवली नव्हती. आज एक जागा गेली की उद्या आपल्याला बोलावणार कोण?

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. डोकं ठिकाणावर नव्हतंच. तेवढ्यात बाहेरच्या बोळातून आवाज आला. उजवा पाय धप्पकन, डावा जरा घासत, मग दाराशी थांबून खाकरणं. सासरे फिरून आले होते. नवऱ्याने, एवढ्या बाप्याने, झटकन टीव्हीचा आवाज कमी केला. लेकीने, चिमणीने, जेवणाआधीचं चोरटं चॉकलेट बापाच्या हातात कोंबलं. "लपव, लपव, आजोबा आले!"

"अगंबाई!" पाऊलवाली ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. लग्न झाल्यापासून ही चाल ती रोज ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या जुन्या चपला घालून ती माईकसमोर चालली. दिग्दर्शक हो म्हणेना, नाही म्हणेना. "मुलांना दाखवू. तीच ठरवतील."

म्हणून काम करणाऱ्यांच्या घरच्या मंडळींसाठी एक खेळ ठेवला. सासरेही आले, वाटभर कुरकुरत. चिमणी आई आणि आजोबांच्या मधे बसली. आज आजोबांनीच दिलेलं चॉकलेट राजरोस चघळत होती. दिग्दर्शक पडद्याकडे पाठ करून भिंतीशी उभा. पाऊलवालीचा जीव टांगणीला लागला होता.

पडद्यावरचे दिवे गेले, गाणं थांबलं. धप्प. घासत. धप्प. सगळी पोरं चिडीचूप.

तेवढ्यात चिमणीने उरलेलं चॉकलेट शेजारच्या हातात कोंबलं आणि कुजबुजली, पण अशी की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावी. "लपवा, लपवा, आजोबा आले!"

"अगं, मी इथेच बसलोय की!" शेजारून आजोबा म्हणाले.

हशाने थिएटर डोक्यावर घेतलं. दिग्दर्शकाने भिंतीपासूनच हात उंचावून तिला खूण केली. पाऊलवालीचा जीव भांड्यात पडला, आणि हसता हसता डोळे भरून आले ते वेगळंच.

बाहेर पडताना सासरे आपल्याच पायांकडे बघत चालले होते. डावा पाय मोठ्या निगुतीने उचलून टाकत होते. "मी असा चालतो होय गं? घासत?"

"बाबा, चाल बिघडवू नका हो. नाताळबाबा अजून शेवटच्या गाण्यात यायचाय."

म्हातारा थबकला, खाकरला. "मग अर्धा पगार माझा," म्हणाला, आणि डावा पाय खुशाल घासत पुढे निघाला.