सुट्टी टाकून आजारी पडले

"तुमच्या नाकाच्या शेंड्यावर एक फोड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि तो मला अजिबात आवडलेला नाही."

मलाही आवडला नव्हता, पण मी त्याला मुरूम समजत होते. दोन दिवसांपूर्वी कपाळावर डावीकडे आधी मुंग्या आल्या, मग आग, मग बारीक फोडांची रांग भुवईवरून पापणीकडे उतरली. या सगळ्याचा दोष मी नव्या शांपूला देऊन मोकळी झाले होते.

"हर्पिस झोस्टर," त्या म्हणाल्या. म्हणजे आपली नागीण. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूत दडी मारून बसतो आणि माणूस थकला की कधीतरी पुन्हा डोकं वर काढतो. माझी ज्या मज्जातंतूतून वर आली, तो कपाळ, डोळा आणि नाकाचा शेंडा अशा तिघांचा सामायिक निघाला. त्यामुळे नाकावर फोड दिसला की डोळ्यालाही धोका आहे असं धरतात. "आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. हॉस्पिटलला मी फोन करते."

यावर मी विचारलेला पहिला प्रश्न प्रामाणिकपणे लिहिते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. मी विचारलं, "दोन वाजता माझी मीटिंग आहे. तोपर्यंत होईल का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मीटिंगला डोळे लागतात ना तुम्हाला?"

ज्यांना पुढेमागे नागीण होईल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांच्यामागे नोकरी नावाची दुसरी नागीण आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावात राहतो, आइंडहोवनच्या शेजारी. नितीन, म्हणजे माझा नवरा, आणि मी दोघंही इंजिनिअर. इथे येऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. त्याआधी अकरा वर्षं मी टेक्सासमध्ये एका कंपनीत होते, आणि तिथे रजेची एकच पिशवी असायची. वर्षाला पंधरा दिवस. त्यातच माझा ताप, त्यातच लेकीचा कान, त्यातच दाढ, त्यातच दिवाळी आणि उरलं तर त्यातच भारत. डिसेंबरात फ्लू झाला की भारत आठवड्याने आक्रसायचा. म्हणून तिथे कुणी आजारी पडत नसे. खोकत कामावर येत, टिश्यूचा डबा घेऊन मीटिंगला बसत, आणि साहेब कौतुकाने म्हणत, "व्हॉट अ ट्रूपर!" म्हणजे केवढी चिवट! मलाही हे प्रशस्तिपत्र दोनदा मिळालं होतं. एका सहकारी बाईंना कॅन्सर झाला तेव्हा ऑफिसभर मेल फिरली की आपल्या रजेतले दिवस दान करा. मी दोन दिवस दिले आणि दिवसभर स्वतःवर खूश होते. केमो घेणाऱ्या बाईला दिवस मागायची वेळ का यावी, हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही.

मग पाच वर्षांपूर्वी माझे बाबा गेले. शोकरजा तीन दिवस आणि पिशवीत उरलेले चार. त्यातले जाण्यायेण्यातच तीन गेले. पाचव्या दिवशी मी सांगलीहून निघाले. बाबांच्या तेराव्याला मी टेक्सासमध्ये एका स्लाइडवर बाणाचा रंग बदलत होते. आई त्याबद्दल कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता आईचा गुडघा बदलायचा होता. मिरजेच्या डॉक्टरांनी तीनदा तारीख दिली, आईने तीनदा पुढे ढकलली. कारण विचारलं की म्हणायची, "तुला सवडीने येता येईल तेव्हा करू. घाई काय आहे? गुडघा कुठे पळून जातोय?" इथे आल्यावर मी एकेक दिवस जपून वीस दिवसांची रजा मार्चसाठी मंजूर करून घेतली होती. नागीण आली जानेवारीच्या शेवटी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवली. हे स्लिट लॅम्प, म्हणजे प्रकाशाच्या उभ्या रेघेतून डोळ्याच्या आत बघायची दुर्बीण. मग डोळ्यात पिवळा रंग घातला. बुबुळावर कुठे खरवडलं असेल तर तिथे तो चमकतो. माझा चमकला. "केराटायटिस," ते म्हणाले, म्हणजे बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला सूज. विषाणूविरोधी गोळ्या आठवडाभर दिवसातून तीनदा, मलम आणि विश्रांती. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर उत्तम, हे ध्यानात ठेवा. शांपूवर संशय घेत बसू नका.

"विश्रांती म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं.

"काम न करणं," ते म्हणाले. यापेक्षा सोपं कसं सांगायचं असा त्यांना प्रश्न पडलेला दिसला.

त्या संध्याकाळी एका डोळ्याने लॅपटॉप उघडून मी विचार केला. आजारी म्हणून नोंद झाली तर मार्चमध्ये कोण सोडणार? "आत्ता तर घरी होतीस," म्हणतील. माझ्याकडे मिरजेच्या वीस दिवसांखेरीज पाच दिवस शिल्लक होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी ते पाच दिवस टाकले. आजारपणाचे नाहीत, सुट्टीचे. नितीन म्हणाला, "अगं, इथे नियम वेगळे आहेत." मी म्हणाले, "साहेब सगळीकडे सारखेच असतात."

माझा साहेब यान याचं लगेच उत्तर आलं. "छान! अचानक? कुठे जाताय?" मी एका डोळ्याने टाइप केलं, आर्देन. बेल्जियमचे डोंगर. मी तिथे कधीही गेलेले नाही. अर्ध्या तासात टीममधल्या चौघांनी कुठली गुहा बघायची आणि कुठले बूट घालायचे ते कळवलं.

माझी सुट्टी अशी गेली. पडदे ओढलेली खोली. कपाळावर कुणीतरी तापलेली सुई फिरवतंय अशी कळ, केसांना कंगवा लागला तरी डोळ्यांत पाणी. डावा डोळा सुजून बंद. अकरा वर्षांची ईरा दारातूनच म्हणाली, "आई, यू लुक लाइक अ पायरेट," आणि पळाली.

सांगलीहून आईचा रोज व्हिडिओ कॉल. "तोंड नि शेपूट जुळलंय का बघ. जुळलं की संपलं." मी म्हणाले, आई, कपाळावर आहे, वेढा घालायला जागाच नाही. "मग दूर्वा नि तांदूळ वाटून लाव." डॉक्टरांनी मलमाशिवाय काही लावायचं नाही असं बजावलेलं होतं, पण आईच्या समाधानासाठी नितीन समोरच्या मैदानातून मूठभर गवत घेऊन आला. त्या मैदानात बेस्टमधली निम्मी कुत्री सकाळी येतात. ती जुडी आम्ही आईला कॅमेऱ्यात दाखवली आणि सन्मानाने कचऱ्यात टाकली.

पण आई फसणारी नव्हती. "मार्चचं राहू दे हो," ती तिसऱ्या दिवशी म्हणाली. "पावसाळ्यानंतर बघू. मला आता काठीची सवय झालीय." मी फोन ठेवला आणि रडले. रडल्याने डोळा आणखी झोंबला.

शुक्रवारी पुन्हा तपासणी होती. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरते आहे. पण अजून दोन आठवडे स्क्रीन नको. नाहीतर डाग राहील, आणि डाग राहिला तर नजर कमी होईल."

दोन आठवडे म्हणजे कामाचे दहा दिवस. विसातून दहा गेले की दहा. टाके निघायच्या आधीच मला परतावं लागणार होतं. पुन्हा पाचवा दिवसच, जरा लांबवलेला. एक क्षण असा आला की मी खरोखर हिशेब मांडला: एका डोळ्याने काम जमेल का, कायमचं? मी इंजिनिअर आहे, आणि हा हिशेब मी तीन मिनिटं मन लावून केला. टेक्सासने दिलेल्या प्रशस्तिपत्राचा हा अर्थ आहे.

हे गणित मी वेटिंग रूममध्ये करत होते. फेब्रुवारीचं राखाडी आभाळ, खोलीत मिणमिणता उजेड आणि मी काळा गॉगल लावून. समोरून एक उंच माणूस वृद्ध वडिलांचा हात धरून आला. यान. वडिलांना मोतीबिंदूसाठी आणलं होतं.

चोराच्या मनात चांदणं. मी मासिक तोंडासमोर धरलं. ते लहान मुलांचं निघालं.

"वैशाली?"

"हाय यान!" मी इतक्या जोरात म्हणाले की रिसेप्शनवाली उठून उभी राहिली. गॉगल घसरला.

यानने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. अर्धं कपाळ खपल्यांचं, पापणी बटाट्यासारखी, नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका. मग त्याने झटकन छताकडे पाहिलं.

"मला विचारायची परवानगी नाही," तो छताला म्हणाला.

"काय विचारायची?"

"तुला काय झालंय ते. साहेबाने आजार कुठला ते विचारायचं नसतं. कायदा आहे." मग अजून छताकडेच बघत, "पण आर्देन कसं होतं, हे विचारू शकतो."

मी तिथेच हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. त्याच्या वडिलांनी खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला. मी सगळं सांगून टाकलं. पिशवी, टेक्सास, आईचा गुडघा, बाबांचं तेरावं. यान खाली बसला.

"म्हणजे आजारी पडायला तू सुट्टी घेतलीस?" त्याने तीनदा विचारलं. हा प्रकार त्याच्या कानावर कधी आलेला नव्हता. "वैशाली, आजारी माणूस सुट्टीवर असूच शकत नाही. तो आजारी असतो. हे पाच दिवस तुझे आहेत, परत घे. आणि मार्चची रजा मंजूर आहे. मंजूर म्हणजे मंजूर."

त्याच दिवशी मी रीतसर आजारी पडले. चार दिवसांनी बेद्राइफ्सआर्ट्सचा फोन आला. हा कंपनीने नेमलेला डॉक्टर, पण आपल्याला काय झालंय ते कंपनीला सांगत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कामासंबंधी कुणीतरी मला विचारलं, "झोप लागते का?" मी म्हणाले, सोमवारपासून थोडं थोडं काम सुरू करू शकेन. ते म्हणाले, "हे तुम्ही ठरवायचं नाही. मी ठरवतो. सोमवारी नाही." मार्चमध्ये भारतात जायला हरकत नाही, असं त्यांनी वर लिहूनही दिलं.

दुसऱ्या दिवशी दारात फळांची भली मोठी टोपली आली, ऑफिसकडून. मी घाबरून नितीनला हाक मारली. टेक्सासमध्ये शेवटची टोपली आली होती ती आमच्या विभागातल्या बारा जणांना काढलं त्या आठवड्यात. नितीनने कार्ड वाचलं. लवकर बरी हो, एवढंच होतं. खाली एकाने लिहिलं होतं, "गुहा आवडली का?"

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा पिवळा रंग घातला. या वेळी कुठेच चमकला नाही. कपाळ मात्र अजून अधूनमधून ठणकतं. याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, म्हणजे नागीण गेली तरी तिची वाट दुखत राहते. त्यालाही औषध आहे. सहन करू नका, सांगा. नागिणीची लससुद्धा असते. आपल्या डॉक्टरांना विचारा.

मार्चमध्ये मिरजेत आईचा गुडघा बदलला. या वेळी वेटिंग रूममध्ये मी सोबतीला होते, आणि ते फार सोपं होतं. तिसऱ्या दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली आणि फिजिओथेरपिस्ट मुलीला म्हणाली, "माझी लेक आहे महिनाभर. तिला सवड आहे." पाचव्या दिवशी मी उगीचच कपड्यांची बॅग उघडून बंद केली. कुठे जायचं नव्हतं.

तेराव्या दिवशी टाके निघाले. दुपारी सांगलीला घरी आलो. मी वरणभात लावला आणि सुधारस केला, आईच्या फर्माइशीवरून. दोन ताटं घेतली. आई ताटाकडे बघत म्हणाली, "ह्यांच्या तेराव्याला मी तुझं पान मांडायला लावलं होतं. भटजी रागावले. जिवंत माणसाचं असं पान मांडू नये म्हणाले. उचलायला लावलं."

मी म्हणाले, "आई, मला यायला हवं होतं. मी थांबायला हवं होतं."

"हो, हवं होतं," आई म्हणाली. पाच वर्षांनी म्हणाली. मग तिने माझ्या पानात सुधारस वाढला, पुन्हा वाढला, आणि मी हात आडवा धरला तरी तिसऱ्यांदा वाढला.

"आई, पोट बिघडेल."

"बिघडू दे," आई म्हणाली. "त्या यानला कळव. तो दिवस परत देतो ना?"