मालनबाईंची शिकवणी

मालनबाईंच्या डाव्या हाताला साडेचार बोटं. उरलेलं अर्धं नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका पेशंटनं दातांनी तोडलं. हैदराबादच्या त्या मनोरुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात, त्या पंचवीस वर्षं आया होत्या. मानसशास्त्रात पीएच.डी. करणारी पोरं पहिला आठवडा त्यांच्याच हवाली असत. कानातलं काढा, ओढणी नको, आणि दार अडवून बसू नका; कोंडलेलं मांजर नरडं धरतं, एवढंच त्या शिकवत.

राज्याचे दोन तुकडे झाले, त्या उन्हाळ्यात वॉर्डाचे डॉक्टर बदली होऊन आंध्रात निघाले. शनिवार त्यांचा शेवटचा दिवस. वॉर्डातल्या भामाच्या सुटकेच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. नाही झाली, तर नवा माणूस येईपर्यंत ती आतच. सहा महिन्यांत भामानं कुणाला बोट लावलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मुलाखतीच्या खोलीतून किंकाळी आली. मालनबाई धावल्या. पीएच.डी.च्या पोरांतली, जामबाग मोहल्ल्यातली निर्मला प्रबंधासाठी भामाला प्रश्न विचारत होती. भामानं तिची वेणी मनगटाला गुंडाळून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं होतं. एकदा, मग पुन्हा. भुवई फाटून प्रश्नावली लाल झाली होती. मालनबाईंनी भामाला मागून कवळ घातली. कोपर बरगडीत बसलं, श्वास अडकला, पण त्यांनी हात सोडले नाहीत.

टाके पडल्यावर निर्मलानं रजिस्टरात लिहिलं : कारण नसताना हल्ला.

"हे वाचून डॉक्टर सही करत नाहीत, बेटा."

"मावशी, घडलं ते लपवायचं नाही, असं सरांनी शिकवलंय."

"हौ, नक्को लपवू. मग खुर्ची दारात होती तेबी लिही. ती दोनदा 'जाऊ द्या' म्हणाली. मी शेजारी गोळ्या वाटत होते, ऐकलं. उठायला पायजे होतं, उठले नाही. माझं नाव घालून लिही."

"माझं काम बंद करतील. दोन वर्षं घातलीत मी."

मालनबाईंनी बरगडी दाबत रजिस्टर पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. निर्मलानं खाली चार ओळी लिहिल्या : दारातली खुर्ची, 'जाऊ द्या', मालनबाईंचं नाव.

शनिवारी डॉक्टरांनी सगळं वाचलं. भामाच्या कागदावर सही केली, मालनबाईंना मेमो दिला आणि निर्मलाच्या मुलाखती थांबवल्या.

निर्मला सामान घेऊन निघाली, ती मालनबाईंशी बोलली नाही. बोलेल असं त्यांना वाटलंही नव्हतं. भामाचा भाऊ फाटकाशी आला होता, आणि तिचे केस अजून विंचरायचे होते.